सिगारेट सुटावी म्हणून : पहिलं व्हेप कसं निवडावं, कसं जुळवावं

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडायची म्हणून व्हेप घेणाऱ्यांची पहिल्या आठवड्यातली तक्रार बहुधा ठरलेली असते : "घेतलं खरं, पण त्यानं भागत नाही." मग ते यंत्र ड्रॉवरमध्ये पडतं आणि खिशात पुन्हा पाकीट येतं. निश्चय कमी पडला, असं घरचे म्हणतात आणि हळूहळू त्या माणसालाही तसंच वाटू लागतं. नीट चौकशी केली तर पुष्कळदा कारण अगदी साधं निघतं. निकोटीन कमी पडलेलं असतं, कॉइल भलतीच बसवलेली असते, नाहीतर झुरका सिगारेटसारखा झटक्यात ओढलेला असतो. या तिन्ही गोष्टी घरबसल्या सुधारता येतात आणि त्या सुधारल्या की सोडण्याचा प्रयत्न तगतो. म्हणूनच हा लेख.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि आज रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढ वाचकांसाठी तो लिहिला आहे. जे ओढत नाहीत त्यांनी व्हेपच्या वाटेला जाऊ नये. अठरा वर्षांखालच्यांना ते विकणं इथे गुन्हा आहे आणि तसंच असायला हवं. भारतात व्हेपवर सरसकट बंदी आहे. सुट्टीला घरी जाणाऱ्यांना आणि भारतातल्या वाचकांना उपयोगी पडेल ते शेवटच्या भागात दिलं आहे.

व्हेप काय करतं, काय करत नाही

झुरका घेताना सिगारेटचं टोक ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. तंबाखू जळते, तिच्यातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड निघतो. कॅन्सर, हृदयविकार आणि फुप्फुसाचे आजार होतात ते मुख्यतः या धुरामुळे. निकोटीनमुळे सवय लागते, ती सुटत नाही, आणि म्हणून माणूस तो धूर वर्षानुवर्षं छातीत भरत राहतो. व्हेपमध्ये तंबाखू नसते आणि काही जळतही नाही. बॅटरी एक बारीक तार तापवते, तारेभोवतीच्या कापसातलं लिक्विड वाफ होऊन वर येतं. निकोटीन मिळतं, टार आणि कार्बन मोनॉक्साइड टळतो.

याचा अर्थ व्हेप निरुपद्रवी आहे असा नाही. त्याची सवय लागते आणि ते वीस-तीस वर्षं ओढलं तर काय होईल हे सांगण्याइतका काळ अजून लोटलेला नाही. म्हणून तुलना नेहमी सिगारेटशीच करायची. त्या तुलनेत व्हेपचा धोका बराच कमी आहे, असं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ च्या अहवालात म्हटलं आणि एनएचएसही आज प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना तेच सांगते.

ते उपयोगी पडतं का? २०१९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक ब्रिटिश चाचणी प्रसिद्ध झाली. एनएचएसच्या धूम्रपान सोडवणाऱ्या केंद्रांत आलेल्या ८८६ लोकांपैकी निम्म्यांना निकोटीनचे पॅच, गम वगैरे दिले आणि निम्म्यांना व्हेप. वर्षानंतर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटपासून मुक्त होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. या चाचणीत लोकांच्या हाती काय दिलं होतं ते इथे महत्त्वाचं आहे. पुन्हा भरता येणारं यंत्र, १८ मिलिग्रॅमचं लिक्विड, आणि त्याबरोबर निदान चार आठवडे दर आठवड्याला समुपदेशन. रंगीत खेळण्यासारखं काहीतरी घेऊन तीन मिलिग्रॅमवर सुरुवात करणाऱ्यानं हे आकडे आपल्याला लागू होतील अशी आशा धरू नये.

दुकानात जाण्याआधी स्वतःला दोन प्रश्न

पहिला : दिवसाला किती सिगारेटी? पाकिटाचा हिशेब करा, अंदाज नको. तंबाखू स्वतः वळून ओढत असाल तर त्याही मोजा.

दुसरा जास्त महत्त्वाचा : सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात लागते? अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर शरीराची निकोटीनची गरज मोठी आहे, मग दिवसाची संख्या दहाच का असेना. रात्रभर रिकामं राहिलेलं शरीर सकाळी किती घाईनं मागतं, त्यावरून सवय किती खोल आहे ते कळतं.

त्यासोबत जर्दा, गुटखा, मावा किंवा मिश्री चालू असेल तर तेही प्रामाणिकपणे मांडा. सिगारेट सुटली आणि तोंडात तंबाखू राहिली तर अर्धंच काम झालं. सल्लागाराला हे सांगितलं नाही तर निकोटीनचा हिशेबही चुकतो.

यंत्र : साधं पॉड किट पुरे

एकदाच वापरून टाकून द्यायच्या व्हेपवर ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून बंदी आहे. आता दुकानात कायदेशीरपणे मिळतं ते चार्ज होणारं आणि पुन्हा भरता किंवा पॉड बदलता येणारं. त्यातही तीन प्रकार समोर येतात.

पहिला, भरलेले पॉड बदलायचे किट. रिकामा पॉड काढायचा, नवा खटकन बसवायचा. हात थरथरतात, नजर कमी झाली आहे किंवा कटकट नकोच आहे, अशांसाठी हे सोयीचं. खर्च जास्त आणि लिक्विडची निवड कमी.

दुसरा, आपण स्वतः लिक्विड भरायचं पॉड किट. नवशिक्यासाठी मी हेच सुचवीन. बोटभर लांबीचं, एखादं बटण किंवा तेही नाही, ओढलं की आपोआप चालू होतं. निकोटीनची ताकद पाहिजे तशी बदलता येते. सोडण्याच्या पहिल्या दोन आठवड्यांत नेमकी तीच मोकळीक लागते.

तिसरा, मोठी मॉड. जाडजूड बॅटरी, पडद्यावर आकडे, खोलीभर वाफ. हा शौक असलेल्यांचा प्रकार आहे. त्यात निकोटीन कमी आणि वाफ फार, ओढायची पद्धतही वेगळी. सिगारेट सोडणाऱ्यानं सुरुवातीला त्याच्या नादी लागू नये.

घेताना बॅटरीचा आकडा पाहा. वीस सिगारेटी ओढणाऱ्याला दुपारी तीनला बंद पडणारं यंत्र कामाचं नाही, कारण यंत्र बंद पडतं तेव्हाच कोपऱ्यावरचं दुकान आठवतं. हजार मिलिअँपिअर-तासांच्या आसपासची बॅटरी बहुतेकांना दिवसभर पुरते. परवडत असेल तर दोन किटं घ्या, एक चार्जिंगला आणि एक खिशात.

दुकान नीट निवडा. इथल्या कायद्यानुसार टाकी किंवा पॉडची क्षमता २ मिलिलिटरपर्यंत, निकोटीनच्या लिक्विडची बाटली १० मिलिलिटरपर्यंत आणि निकोटीन जास्तीत जास्त दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. पाकिटावर निकोटीनची सवय लागते असा ठळक इशारा इंग्रजीत छापलेला असलाच पाहिजे. ५० मिलिग्रॅम किंवा पाच टक्के लिहिलेली वस्तू दिसली तर ती बेकायदा आहे, कितीही स्वस्त असली तरी परत ठेवा. औषधांवर देखरेख करणारी एमएचआरए ही संस्था नोंद झालेल्या उत्पादनांची यादी ठेवते, शंका आली तर त्या यादीत नाव शोधा.

निकोटीनची ताकद : इथे काटकसर नको

नवशिक्यांचा घात सर्वांत जास्त इथे होतो. सोडायचंच आहे तर कमी निकोटीनपासून सुरुवात करू, असं मनात येतं. विचार चांगला, पण वेळ चुकीची. आधी सिगारेट सुटायला हवी, निकोटीन कमी करायचं काम त्यानंतरचं. दोन्ही लढाया एकदम काढल्या की बहुधा दोन्ही हरतात.

सुरुवातीचा अंदाज असा धरा. रोज वीस किंवा जास्त सिगारेटी, किंवा उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली : १८ ते २० मिलिग्रॅम. दहा ते वीस : १२ ते १८. दहापेक्षा कमी आणि सकाळची घाई नाही : ६ ते १२. हा केवळ आरंभ आहे, पुढे शरीर काय सांगतं त्यावर ठरवायचं. टक्क्यांचा गोंधळ होऊ देऊ नका. दोन टक्के म्हणजे दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम.

बाटलीवर निकोटीन सॉल्ट लिहिलेलं असेल तर ते घशाला सौम्य लागतं आणि २० मिलिग्रॅमही ठसका न लागता घेता येतं. साध्या म्हणजे फ्रीबेस निकोटीनचा घशाला चटका जास्त बसतो. काहींना तो नकोसा होतो, तर काहींना त्याशिवाय सिगारेट ओढल्यासारखंच वाटत नाही. एक-एक छोटी बाटली दोन्हींची घ्या आणि घशाला विचारा.

लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असे दोन द्रव असतात. बाटलीवर पीजी आणि व्हीजी अशी त्यांची अक्षरं आणि प्रमाण छापलेलं असतं. पॉडसाठी ५०/५० घ्या. ७० टक्के व्हीजीचं लिक्विड पाकासारखं दाट असतं. ते बारीक कॉइलच्या कापसात वेळेवर झिरपत नाही आणि कापूस जळतो. पुष्कळांचं 'बिघडलेलं' यंत्र बिघडलेलं नसतं, त्यात फक्त दाट लिक्विड पडलेलं असतं.

पन्नास मिलिलिटरच्या मोठ्या बाटल्या स्वस्त दिसतात. त्यात निकोटीन नसतं. १८ मिलिग्रॅमची १० मिलिलिटरची बाटली त्यात मिसळली की सगळं मिळून दर मिलिलिटरला जेमतेम ३ मिलिग्रॅम होतं. पॉडमध्ये ते घातलं तर पाकीटभर ओढणाऱ्याचं त्यानं काहीच भागणार नाही.

चवीबद्दल भांडण नाही. तंबाखूची चव जवळची वाटते म्हणून अनेक जण तिथून सुरुवात करतात. काही दिवसांनी जिभेची चव परतू लागली की पुदिना किंवा फळांकडे वळतात. सिगारेटच्या आठवणीपासून दूर नेणारी चव बऱ्याचदा मदतच करते. फार गोड लिक्विडनं कॉइल लवकर काळी पडते, एवढं लक्षात ठेवा. स्वयंपाकघरातला इसेन्स, तेलात मिसळलेली कुठलीही चव किंवा इतर कुठलं तेल व्हेपमध्ये कधीही घालू नका. फुप्फुसात तेल गेलं तर गंभीर आजार होतो. २०१९ मध्ये अमेरिकेत दोन हजारांहून जास्त माणसं व्हेपमुळे रुग्णालयात गेली, त्यामागे मुख्यतः गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या पॉडमध्ये मिसळलेलं ई-जीवनसत्त्वाचं तेल होतं.

कॉइल, वॅट आणि हवा

कॉइल हातात घेऊन बारकाईनं पाहा. नखाएवढी धातूची नळी, तिच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं, भोकांतून डोकावणारा पांढरा कापूस. नळीवर एक आकडा कोरलेला असतो, ०.६, ०.८ किंवा १.२, आणि त्यापुढे ओहमचं चिन्ह. तारेचा विद्युतरोध मोजणारा हा आकडा जितका मोठा तितकी वाफ मोजकी, झुरका सिगारेटच्या जवळचा आणि लिक्विडचा खर्च कमी. सिगारेट सोडणाऱ्यानं ०.८ ते १.२ च्या दरम्यान राहावं. ०.६ च्या खाली गेलात तर वाफ फार येते आणि २० मिलिग्रॅमचं लिक्विड घसा भाजल्यासारखं लागतं.

नवी कॉइल कोरडी असताना चालवायची नाही. भोकांतल्या कापसावर लिक्विडचे दोन-तीन थेंब सोडा. थेंब पडला की पांढरा कापूस ओला होऊन राखाडी दिसतो आणि किंचित फुगतो. मग कॉइल बसवा, टाकी भरा, आणि निदान दहा मिनिटं यंत्र उभं करून ठेवा. घाई करून पहिला झुरका घेतला तर कापसाचा आतला कोरडा भाग जळतो आणि तो जळका वास त्या कॉइलमधून पुन्हा कधीच जात नाही. पॉडमध्येच कॉइल बसवून येत असेल तरी भरल्यावर हीच दहा मिनिटं पाळा.

वॅट बदलता येत असतील तर कॉइलवर छापलेल्या मर्यादेच्या तळापासून सुरू करा. १२ ते १५ लिहिलं असेल तर १२ ला लावा, चार-सहा झुरके घ्या, मग अर्ध्या-अर्ध्या वॅटनं वर जा. वाफ उबदार लागली, चव भरली आणि घशाला बसली की तिथे थांबा. जळका वास आला तर लगेच खाली या.

हवेची खिडकी बहुतेक किटांना असते, कुठे सरकपट्टी तर कुठे पॉड उलटा बसवून बदलता येणारी. सुरुवातीला ती जवळजवळ बंद ठेवा. सिगारेट ओढताना हवा अडकत येते, तसा अडकणारा झुरका हातातोंडाला ओळखीचा वाटतो. कोंडल्यासारखं झालं तर थोडी उघडा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. निकोटीन, कॉइल, वॅट, हवा असं सगळं एकदम हलवलं तर कशानं बरं वाटलं आणि कशानं बिघडलं ते कळत नाही.

ओढायचं कसं

सिगारेट आपण झटक्यात ओढतो, जोर लावला की ती भरभर जळते आणि जास्त धूर देते. व्हेपला हे चालत नाही. जोरानं ओढलं की लिक्विड कॉइलमध्ये तुंबतं, गुडगुड आवाज येतो आणि जिभेवर गरम थेंब उडतो. तीन-चार सेकंदांचा सावकाश, हलका झुरका घ्या. वाफ आधी तोंडात येऊ द्या, मग श्वासाबरोबर आत.

पहिल्या दिवसांत खोकला येणारच. सिगारेटचा धूर पचवलेल्या घशालाही वाफ नवीन असते. झुरका छोटा करा, दोन झुरक्यांमध्ये थांबा, पाणी पीत राहा. आठवड्याभरात बहुतेकांचा खोकला ओसरतो.

सिगारेट दहा मिनिटांत संपते, थोटूक विझवलं की विषय मिटतो. व्हेप संपत नाही आणि त्यातलं निकोटीन सिगारेटइतक्या झटपट चढत नाही. म्हणून तलफ पराकोटीला जाईपर्यंत थांबू नका. सकाळी उठल्यावर, चहाबरोबर, जेवणानंतर, ऑफिसमधून बाहेर पडताना, जिथे जिथे सिगारेट ठरलेली होती तिथे आधीच चार-सहा झुरके घ्या. मग पाच मिनिटं थांबा आणि गरज असेल तर पुन्हा घ्या.

मात्रा बरोबर आहे का, ते शरीरच सांगतं. डोकं हलकं होणं, मळमळ, डोकेदुखी, उचकी ही जास्त झाल्याची खूण. खाली ठेवा, मोकळ्या हवेत या. वारंवार तसं झालं तर एक पायरी खालची ताकद घ्या. सतत ओढूनही समाधान नाही, चिडचिड, हात दुसऱ्यांच्या पाकिटाकडे जातोय, ही कमी पडल्याची खूण. अशा वेळी स्वतःला दोष न देता ताकद वाढवा. २० वर असूनही भागत नसेल तर निकोटीनचा पॅच जोडीला लावता येतो. तो कोणता आणि किती, हे फार्मासिस्ट किंवा सल्लागार ठरवून देईल.

नेहमीच्या अडचणी

जळका वास आला तर टाकी रिकामी होत आली आहे का पाहा. भरलेली असेल तर कॉइल संपली. रोजच्या वापरात ती आठवडा-दोन आठवडे चालते. काटकसर म्हणून जळकी कॉइल ओढत बसू नका, सिगारेटकडे परतायला तेवढंच निमित्त पुरतं.

गळत असेल तर पॉड काढा, खालची बाजू आणि यंत्रातली खोबण टिश्यूनं पुसा, पॉड टिश्यूत धरून हलका झटका द्या. भरताना मधल्या वाफेच्या नळीत लिक्विड जाऊ देऊ नका आणि झाकण पूर्ण दाबा.

यंत्राबरोबर आलेल्या किंवा कंपनीनं सांगितलेल्या चार्जरनंच चार्ज करा, उशीखाली किंवा रात्रभर नको. मोकळी बॅटरी नाणी-किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, तिची दोन टोकं जोडली गेली तर ती पेटू शकते. जुनी यंत्रं कचऱ्यात न टाकता दुकानात परत द्या.

लिक्विड घरातल्या औषधांसारखं कुलपात ठेवा. गोड वासाची ती बाटली लहान मुलाच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, तसं झालं तर ताबडतोब ९९९ ला फोन करा. हातावर सांडलं तर लगेच धुवा. मुलांच्या खोलीत आणि मुलं असलेल्या गाडीत व्हेप ओढू नका.

सिगारेट पूर्ण बंद, थोडीही नाही

"दिवसाला दोनच ओढतो, बाकी व्हेप," हा समेट टिकत नाही आणि शरीराला फारसा फायदाही देत नाही. २०१८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार रोजची एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मा असतो. सुरुवातीचे काही दिवस दोन्ही चाललं तर हरकत नाही, पण तारीख ठरवा आणि त्या दिवशी घरातली, गाडीतली, ऑफिसच्या खणातली पाकिटं, लायटर, रक्षापात्र सगळं बाहेर काढा.

त्या तारखेआधी स्थानिक स्टॉप स्मोकिंग सेवेत नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये ती मोफत आहे. काही भागांत सुरुवातीचं व्हेप किटही मोफत मिळतं. तिथे एका छोट्या यंत्रात फुंकायला सांगतात आणि ते श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतं. नियमित ओढणाऱ्याचा आकडा सहज दहाच्या वर जातो. सिगारेट पूर्ण थांबवली की एक-दोन दिवसांत तो न ओढणाऱ्याच्या पातळीवर येतो, तुम्ही दिवसभर व्हेप ओढत असलात तरी. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला तो उतरता आकडा पुढचे आठवडे उमेद देतो.

काही औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सोडण्याची तारीख आधी कळवा. धुरातल्या घटकांमुळे यकृत काही औषधं झपाट्यानं बाहेर टाकत असतं. धूर थांबला की क्लोझापीन, ओलान्झापीन, थिओफिलीन यांसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढतं आणि डोस बदलावा लागू शकतो. कॅफिनचंही तसंच होतं. सिगारेट सोडल्यावर धडधड आणि झोप उडणं सुरू झालं तर व्हेपला बोल लावण्याआधी चहा-कॉफीचे कप निम्मे करून पाहा. गरोदर स्त्रियांनी आपल्या मिडवाइफशी बोलूनच ठरवावं. त्यांच्यासाठी पॅच आणि गम ही पहिली निवड आहे.

भारतात जाताना

भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. आयात किंवा विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा "एकच तर आहे, स्वतःसाठी" म्हणून बॅगेत टाकू नका. वाटेत सिंगापूर किंवा थायलंड असेल तर तिथेही बंदी आहे. जिथे परवानगी आहे तिथल्या विमानप्रवासात व्हेप हातातल्या सामानातच न्यावं लागतं.

लग्नकार्याला पुण्याला किंवा कोल्हापूरला तीन आठवडे जायचं आहे, जुने मित्र भेटणार, टपरीवर चहाबरोबर सिगारेट पुढे होणार, हे आधीच गृहीत धरा. निघण्याच्या आठवडाभर आधी फार्मासिस्टकडून पॅच आणि निकोटीन गम घ्या आणि इथेच त्यांची सवय करा. गम साध्या च्युइंग गमसारखं चघळायचं नाही. तिखट चव आली की गालाच्या कडेला दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. चहा-कॉफी पिऊन पंधरा मिनिटं झाल्याशिवाय गम तोंडात टाकू नका, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही.

भारतातल्या वाचकांनी चोरट्या बाजारातलं व्हेप घेऊ नये. त्यात काय भरलं आहे हे कोणीही तपासलेलं नसतं. दोन मिलिग्रॅमचं निकोटीन गम तिथे औषधाच्या दुकानात मिळतं आणि १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर मोफत सल्ला मिळतो.

व्हेपही सोडायचं आहे, पण घाई नाही

वर सांगितलेल्या चाचणीत व्हेपनं सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही व्हेप ओढत होते. याला अपयश म्हणू नका, पण मुक्काम तिथेच ठेवू नका. निदान तीन महिने एकही सिगारेट ओढलेली नाही, चार मित्रांत बसूनही मन डळमळत नाही, अशी खात्री झाल्यावर ताकद उतरवायला घ्या. २० वरून १२, मग ६, मग ३. प्रत्येक पायरीवर काही आठवडे राहा. झुरके दुपटीनं वाढले तर पायरी लवकर उतरलात असं समजून एक पाऊल मागे या. काहींना ताकद तीच ठेवून वेळा कमी करणं सोपं जातं. आधी घरात नाही, मग गाडीत नाही, मग जेवणाआधी नाही.

उतरताना सिगारेटची तलफ परत आली तर बिनधास्त पुन्हा ताकद वाढवा. व्हेप सहा महिने जास्त चाललेलं परवडतं, सिगारेटकडे परतलेलं परवडत नाही.

घरच्यांनाही एक विनंती आहे. नवऱ्याच्या, वडिलांच्या, बहिणीच्या हातात व्हेप दिसलं की "एक सोडलं आणि दुसरं धरलं" असं म्हणू नका. पहिल्या महिन्यात त्यांना टोमण्यांपेक्षा चार्ज केलेली बॅटरी आणि भरलेली बाटली जास्त उपयोगी पडते. आणि जे सोडताहेत त्यांनी या आठवड्यातच तारीख ठरवावी, स्टॉप स्मोकिंग सेवेला फोन करावा आणि पुरेशा निकोटीनचं साधं पॉड किट आणावं. नंतरचे पंधरा दिवस ते आपल्याला जुळेपर्यंत जुळवत राहावं. मागच्या वेळी जमलं नसेल तरी या वेळी जमण्यासारखं आहे.